‘धरसोड’ या शब्दाचे ओझे

बेळगावात समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणारी माणसे बहुतेक पस्तिशी ओलांडलेली असतात: ‘आता क्षेत्र बदलले, तर आजवरची वर्षे वाया जातील का?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, असे मी आता मानते. म्हणून उत्तराऐवजी एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे वय ४३ होते. खानापूर तालुक्यातील एका लहान गावात त्यांचे मराठी शाळेत शिक्षण झाले. बारावीनंतर त्यांनी जीएनएम ही नर्सिंगची पदविका केली, जी सगळी इंग्रजीत शिकावी लागे. त्यानंतर ११ वर्षे त्यांनी शहरातील एका खासगी रुग्णालयाच्या वॉर्डात काम केले. तेथून त्या दुसऱ्या रुग्णालयाच्या प्रशासनात गेल्या आणि भरती, सुटी, विम्याची कागदपत्रे व गुणवत्ता तपासणी अशी कामे त्यांनी नऊ वर्षे सांभाळली. त्याच काळात दूरशिक्षणाने आधी बीए आणि मग समाजशास्त्रात एमए झाले. आता एका नर्सिंग कॉलेजात आठवड्यातून काही तास समाजशास्त्र शिकवण्याविषयी त्यांना विचारणा झाली होती आणि एका पदवी महाविद्यालयात गेस्ट लेक्चरर म्हणून पूर्ण वेळ जाण्याचीही संधी होती. त्यासाठी मात्र रुग्णालयातील कायम नोकरी सोडावी लागणार होती.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. वीस वर्षे रुग्णालयात काढलेली बाई नोकरी सोडू म्हणते, तेव्हा ती थकलेली असणार, असे मी गृहीत धरले. रात्रपाळीविषयी, झोपेविषयी, वरिष्ठांशी असलेल्या संबंधांविषयी मी प्रश्न विचारत राहिले आणि शेवटी आवडीनिवडीची एक प्रश्नावली त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती शांतपणे भरली, परत दिली आणि म्हणाल्या, “मॅडम, मला कंटाळा आलेला नाही. मला लाज वाटते.”

लाज कशाची, ते त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितले. घरात कुणी त्यांना वाईट वागवत नव्हते. पण एमएचा निकाल लागला त्या संध्याकाळी जेवताना दीर सहज बोलून गेले होते, “वहिनी, अजून किती वेळा पहिलीत बसणार?” सासूबाईंनी दिरांना गप्प केले खरे, मात्र नंतर त्याच एकदा म्हणाल्या की माणसाची अशी धरसोड बरी नव्हे. बरोबर शिकलेल्या मैत्रिणी आता वॉर्ड इन्चार्ज झाल्या होत्या, एक आखाती देशात गेली होती, एकीने सरकारी आरोग्य केंद्रात कायम नोकरी मिळवली होती. “एक ना धड, भाराभर चिंध्या, ती म्हण माझ्यासाठीच असावी,” असे म्हणून त्या थांबल्या. आपल्या भागात एका जागी चिकटून राहण्याला फार मान आहे आणि तो उगाच नाही; शेतीवर किंवा महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला टिकणारे माणूस लागते. म्हणूनच हा शब्द खोल लागतो, आणि ‘लोक काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नका’ असे सांगून तो निघत नाही.

मी त्यांना एक काम दिले. पदे, वर्षे, पगार यांपैकी काहीही लिहायचे नाही. प्रत्येक नोकरीत घरी आल्यावरही डोक्यातून न गेलेली एकेक गोष्ट तेवढी लिहून आणायची.

पंधरा दिवसांनी त्या शाळकरी वहीत चार पाने लिहून घेऊन आल्या. वॉर्डाच्या पानावर ‘डामा’विषयी लिहिले होते. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्ण स्वतः सुटी घेऊन जातो, त्याला रुग्णालयात डामा म्हणतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूची एक बाळंतीण टाके ओले असताना तिसऱ्या दिवशी सही करून निघाली होती. केसपेपरवर ‘नातेवाइकांची इच्छा’ एवढीच नोंद झाली. खरे कारण पलंगाशी उभ्या असलेल्या सिस्टरना ठाऊक होते: घरी दोन म्हशी होत्या, धार काढायला दुसरे कुणी नव्हते आणि गावाकडची शेवटची बस संध्याकाळी सुटणार होती. प्रशासनाच्या पानावरही तोच विषय वेगळ्या रूपात आला होता. दर महिन्याच्या अहवालात डामाचा आकडा त्या स्वतः भरत. फॉर्मवर ‘कारण’ हा रकाना वाढवावा, असे त्यांनी दोनदा लिहून दिले होते. त्यातून काही झाले नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या वहीत ती कारणे टिपायला सुरुवात केली. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायका दिवसाची मजुरी बुडते म्हणून जात, ऊसतोडीच्या दिवसांत माणसे थांबत नसत. चंदगडहून येणाऱ्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते, पण सरकारी आरोग्य योजनेचे कोणते कार्ड कुठे चालेल, याची खात्री नसल्यामुळे त्यांतले काही खर्चाच्या भीतीने निघून जात. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यानंतर त्यांच्या खिडकीवरचे हे प्रश्न आणखी वाढले, असेही त्यांनी लिहिले होते.

एमएच्या पानावर एकच प्रसंग होता आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा होता. वैद्यकीय समाजशास्त्रात टाल्कॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली मांडलेली रुग्णभूमिकेची कल्पना शिकवली जाते. आजारी माणसाला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते आणि आजाराचा दोष त्याच्यावर ठेवला जात नाही. त्या बदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा धरावी आणि वैद्यकीय मदत घेऊन सहकार्य करावे, अशी समाजाची अपेक्षा असते, असा तिचा आशय आहे. हे वाचताना त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिले होते: ‘आमच्याकडच्या बाईला ही सूट कुणी दिली?’ सलाइन लावलेल्या बाईला घरून फोन येतो आणि तांदूळ कोणत्या डब्यात आहे ते विचारले जाते, हे त्यांनी अकरा वर्षे पाहिले होते. या कल्पनेवर अशा अंगाने टीका झालेली आहे, हे त्यांना पुढच्या प्रकरणात समजले. पण ती टीका वाचण्याआधीच त्यांच्या मनात उभी राहिली होती, आणि ती वॉर्डातून आली होती.

मी ती चार पाने त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितली. वाचून झाल्यावर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही घाई केली नाही. धरसोड हा शब्द हातातले अवघड होताच ते टाकून देणाऱ्या माणसाला लागू पडतो, असे मला वाटते. या बाईंनी एकच प्रश्न वीस वर्षे सोडला नव्हता. पलंगाशी त्याचे उत्तर मिळेना म्हणून त्या कचेरीत गेल्या आणि कचेरीत तो मांडायला रकाना मिळेना म्हणून पुस्तकांकडे वळल्या. एवढेच मी त्यांना सांगितले. त्यांनी डोळे पुसले आणि विचारले, “मग सोडू का नोकरी? सांगा की मॅडम.”

येथे समुपदेशकाने सावध राहावे, असे माझे ठाम मत आहे. अनुभव कधी वाया जात नाही, असे म्हटल्याने समोरच्याला बरे वाटते. परंतु ज्येष्ठता, पगार आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या हिशेबात तो खरोखर वाया जाऊ शकतो, आणि हा हिशेब न मांडता दिलेला धीर पुढे अंगलट येतो. म्हणून पुढच्या दोन भेटी आम्ही फक्त कागद पाहिले.

त्यांच्या पहिल्या रुग्णालयातील ११ वर्षांचे पीएफ खाते नंतरच्या खात्याशी कधी जोडलेच गेले नव्हते. पीएफच्या पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा असेल, तर वयाच्या ५८व्या वर्षापासून मासिक पेन्शन मिळते, आणि सेवा जितकी अधिक तितकी ती वाढते; दोन्ही खाती एक केल्यावर त्यांची २० वर्षे एकत्र मोजली जाणार होती. सध्याच्या ठिकाणची पाच वर्षांहून अधिक सलग सेवा असल्यामुळे, नोकरी सोडल्यास ग्रॅच्युइटीचाही हक्क होता. नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण मात्र लांबले होते. ते आधी करून घ्या, असे मी आग्रहाने सांगितले, कारण पुढे काहीही ठरले तरी ही नोंदणी हातची जाऊ देऊ नये.

शिकवण्याच्या बाजूचीही वस्तुस्थिती पाहिली. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र हा विषय असतो, बीएस्सी नर्सिंगलाही असतो. पण नर्सिंग कॉलेजात प्राध्यापकपदाला एमएस्सी नर्सिंग लागते. त्यामुळे समाजशास्त्राच्या एमएवर तेथे तासांपुरतेच काम मिळेल, हे त्यांना स्पष्ट सांगावे लागले. पदवी महाविद्यालयातील गेस्ट लेक्चररची नेमणूक वर्षावर्षाची असते. कायम सहायक प्राध्यापक होण्यासाठी एमएला ५५ टक्के गुण आणि नेट ही राष्ट्रीय किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा लागते. त्यांना ५८ टक्के होते. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेटला वयाची वरची अट नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. सरकारी भरतीच्या जाहिरातीतील वयोमर्यादा वेगळी असते आणि ती प्रत्येक वेळी वाचावी लागते, हेही मी लगेच सांगितले.

आपल्या सीमाभागातील उमेदवारांची एका गोष्टीत नेहमी फसगत होते, म्हणून ती जरा थांबून सांगते. कर्नाटकाची के-सेट कर्नाटकातच चालते; महाराष्ट्राची सेट महाराष्ट्रात आणि गोव्यात चालते; नेट देशभर चालते. कोल्हापूरला परीक्षा देऊन बेळगावात नोकरी मिळेल, असे समजून वर्षे घालवलेले उमेदवार मी पाहिले आहेत. या बाईंनी के-सेट आणि नेट या दोन्हींची तयारी करावी, असे आम्ही ठरवले. कन्नडची त्यांना भीती होती. ती कमी करायला मला फारसे काही करावे लागले नाही, कारण शाळेत त्यांनी कन्नड लिहायला-वाचायला शिकली होती आणि वॉर्डात अथणी-गोकाककडच्या रुग्णांशी बोलता बोलता ती त्यांच्या तोंडी बसली होती. ते रुग्ण त्यांना ‘अक्का’ म्हणत, हे सांगताना त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

शेवटच्या भेटीला मी त्यांच्या यजमानांना बोलावले. ते बोलण्यात संकोची होते. त्यांनी हिशेबाचा कागद दोनदा वाचला, मुलीच्या कॉलेजच्या फीचा आकडा त्यात स्वतःच्या हाताने भरला आणि पात्रता परीक्षा पार होईपर्यंत नोकरी सोडू नये, नर्सिंग कॉलेजचे तास मात्र आताच घ्यावेत, असे सुचवले. बाईंनाही ते पटले. दिरांची समजूत घालण्याचे काम यजमानांनी आपल्याकडे घेतले. त्यात मी पडले नाही.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आले. पीएफची खाती एक झाली, नोंदणीचे नूतनीकरणही झाले. पहिल्या खेपेला नेटमध्ये त्यांना यश आले नाही. त्या रात्री त्यांचा फोन आला तेव्हा आवाज खचलेला होता, आणि धरसोड हा शब्द त्या संभाषणात पुन्हा एकदा आला. पण ‘अर्ज पुन्हा भरते’ असेही त्यांनी आपणहून सांगितले. प्रशासनाची नोकरी चालू आहे. दर गुरुवारी दुपारी त्या जीएनएमच्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र शिकवतात. पहिल्याच तासाला त्यांनी मुलींना पुस्तक मिटायला सांगितले आणि आपापल्या गावाला जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते, ते फळ्यावर लिहायला लावले. खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, अथणी अशा वेगवेगळ्या तालुक्यांतील मुली एकेक करून उठल्या आणि अर्धा फळा वेळांनी भरला. मग त्यांनी त्या बाळंतिणीची हकीकत सांगायला सुरुवात केली.