छपाई आणि कॅमेरा असताना हाताने केलेल्या नकलांना इतिहासात काय महत्त्व उरते?

छापील पुस्तके आणि फोनचा कॅमेरा हाताशी असताना पोथ्यांच्या नकला, हस्ताक्षर आणि जुने प्रसंग वठवून दाखवणे यांना हौसेपलीकडे काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे नक्कल करणाऱ्याच्या चुका.

मी बडोद्याचा, म्हणून उदाहरण इथलेच देतो. येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मजकूर ठरवलेली, आवृत्ती सात कांडांत सिद्ध केली. ते काम १९७५ मध्ये पूर्ण झाले. वाल्मीकींच्या हातची प्रत अर्थातच कोठेही नाही, तेव्हा निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या जमवून श्लोकामागून श्लोक ताडून पाहणे एवढाच मार्ग उरतो. देवनागरी पोथीत च आणि व, घ आणि ध, म आणि स यांची गल्लत सहज होते. जवळच्या दोन ओळींत एकच शब्द आला, तर लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधला मजकूर गळतो. नेमका तोच मजकूर दोन पोथ्यांत गळलेला आढळला, तर त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असाव्यात असा तर्क करता येतो. दोन्हींत पाठ, म्हणजे त्या जागचा मजकूर, शुद्ध असेल, तर त्यावरून नाते ठरत नाही, कारण शुद्ध पाठ कोणाकडूनही आलेला असू शकतो. पोथीच्या शेवटी 'यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते' असे लिहून लेखनिक हात झटकत असत. अभ्यासकाला मात्र नेमका तो दोषच हवा असतो.

मराठीत याचा ठळक दाखला एकनाथांचा. ज्ञानेश्वरीनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी तिची प्रत शुद्ध केली आणि ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे, असा इशारा दिला. लोक ओव्या घालत नसते, तर हा इशारा देण्याचे कारणच नव्हते. त्या ओव्या घालणारेही बहुधा भक्तच असावेत.

प्रसंग वठवण्याबद्दल माझे मत इतके सरळ नाही. रामनवमीला दुपारी बारा वाजता कीर्तनकार रामजन्माच्या आख्यानापाशी येतात, गुलाल उधळतात, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. रामायणाचा एकही श्लोक न वाचलेल्या माणसाच्या मनातही ही कथा अशी रुजते. तिथे पुराव्याचा दावा कोणी करत नाही, म्हणून तक्रारीलाही जागा नाही. मिरवणुकीतल्या ऐतिहासिक चित्ररथांचे मात्र तसे नसते. पोशाख नाटकातून उचललेला, बैठक कॅलेंडरावरच्या चित्रातून, आणि पुढच्या वर्षीचा चित्ररथ याच चित्ररथावरून बेतलेला. ही नकलांचीच साखळी, पण ताडून पाहायला जुनी प्रत कोणी ठेवत नाही, आणि पाहणारा ते दृश्य इतिहास म्हणून घरी नेतो.

राहिला कॅमेऱ्याचा प्रश्न. गायकवाडी दप्तरातले जुने मराठी कागद मोडी लिपीत आहेत. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्द तोडत नसे, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नसे. फोटो कितीही स्वच्छ आला तरी एक शब्द संपून दुसरा कोठे सुरू झाला हे त्यावरून आपोआप कळत नाही. तीच ओळ स्वतः उतरवून पाहिली, की कोणत्या वळणावरून हात पुढच्या अक्षराकडे गेला ते लक्षात येते आणि अडलेला शब्द पुष्कळदा सुटतो. म्हणून मोडी शिकू पाहणाऱ्यांना मी वाचनाआधी रोज थोडे गिरवायला सांगतो. फोटोही अवश्य काढावा, कारण मूळ कागद पुन्हा पुन्हा हाताळण्याजोगा नसतो; फक्त नक्कल त्या फोटोवरून करावी.