आधी सहावे प्रकरण उघड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. 'वुदरिंग हाइट्स'वरून करावयाच्या लघुपटात हीथक्लिफ या नायकासाठी तू निवडलेला खाडीकाठचा काळा मुलगा तुझ्या सोबत्यांना 'नायक वाटत नाही', असे तू लिहितेस आणि माझे मत विचारतेस. मत नंतर, आधी सहावे प्रकरण उघड.

एमिली ब्राँटीची ही कादंबरी १८४७ सालची. लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या बंदराच्या रस्त्यावर सापडलेल्या पोरक्या हीथक्लिफला पाहून शेजारचे म्हातारे लिंटन म्हणतात की, हा एखादा लहानगा लास्कर असावा, नाहीतर अमेरिकेचा किंवा स्पेनचा कोणी टाकून दिलेला. लास्कर म्हणजे आपल्याकडचा खलाशी. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गोऱ्यांच्या बोटींवर कोण कोण गेले, हे तुला मी सांगायला नको. त्याचा वंश लेखिका ठामपणे कुठेच सांगत नाही. परंतु तो सावळा परका आहे म्हणूनच त्याची हेटाळणी सोपी होते, आणि पुढचा सूड त्या अपमानातून उगवतो. १९३९ सालच्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए या गोऱ्या नटाने ही भूमिका केली तेव्हा ते कारणच पडद्यावरून पुसले गेले. २०११ साली दिग्दर्शिका अँड्रिया आर्नल्ड यांनी जेम्स हाउसन या कृष्णवर्णीय नटाला घेतले, तेव्हा हीथक्लिफच्या पाठीवरच्या प्रत्येक फटक्याला पुन्हा अर्थ आला.

भारतीय वंशाच्या देव पटेल यांनी २०१९ साली डिकन्सच्या कादंबरीतला गोरा नायक डेव्हिड कॉपरफील्ड पडद्यावर साकारला, मग रंग पाहायचाच कशाला, असे तुझे सोबती विचारतील. डेव्हिडचे दुःख त्याच्या रंगातून आलेले नाही, म्हणून तो कोणीही करावा. हीथक्लिफचे तसे नाही. पान उघडल्याशिवाय हा फरक कळणार कसा? आणि कॅमेऱ्यात तो उठून दिसत नसेल, तर उजेड लावायला शिका; मुलगा बदलू नका.

मी इतक्या तावातावाने लिहितो, कारण हे पाप माझ्या हातून घडले आहे. एका स्पर्धेसाठी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तला, म्हणजे काळ्या नायकाच्या नाटकातला, प्रवेश बसवताना, ज्याला सगळे संवाद मुखोद्गत होते त्या काळ्या मुलाला मी विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवले आणि एका गोऱ्या मुलाच्या तोंडाला काजळ फासले. प्रवेशाच्या मध्यावर घामाने ते ओघळून त्याच्या पांढऱ्या कॉलरवर उतरले, तो वाक्य विसरला, आणि विंगेतून शांत आवाजात पुढचे वाक्य आले. परीक्षकांना देखणा नायक लागतो, असे आम्हांला बजावलेले होते. बक्षीस आले तरच पुढच्या वर्षी नाटकाला पैसे मिळणार होते, आणि सगळ्या मुलांची जबाबदारी माझ्यावर होती. ही अडचण खरी होती, हे मी आजही म्हणेन. परंतु त्या दिवशी मी नाटकाचे पान उघडलेच नव्हते.

रविवारी धोपाव्याहून पहिल्या फेरीबोटीने दाभोळला ये आणि त्या मुलालाही घेऊन ये. सहावे प्रकरण मला त्याच्या तोंडून ऐकायचे आहे.

तुझा,
सर