पोट पडलं, ते पोलिसांना कळवायला हवं होतं का?

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. मोठी मुलगी चार वर्षांची. दुसऱ्या खेपेला १९ आठवडे झाले असताना रात्री कळा सुरू झाल्या आणि घरीच पोट पडलं. गाडी मिळाली नाही. सासूबाईंनी ते त्यांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पहाटे यजमानांनी बांधावर लिंबाखाली पुरलं. सकाळी आरोग्य केंद्रात गेलो. तिथून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, पिशवी साफ केली, दोन दिवसांनी घरी आले. आशाताईंना त्याच सकाळी फोन केला होता. आता दीड महिन्याने भावकीतले एक जण, ज्यांच्याशी आमचा बांधाचा वाद आहे, म्हणतात, ‘पहिली मुलगी म्हणून पाडलंत आणि पोलिसांना कळवलंही नाही. केस करतो.’ पुतण्याच्या फोनवर मेसेज आलाय की पोट पडल्यावर २४ तासांत पोलिसांना कळवलं नाही तर वर्षभर कैद होते. काल ठाण्यातून फोन आला, ‘बाईंना घेऊन या, साधी चौकशी आहे.’ मला जावं लागेल का? माझ्याकडून गुन्हा झालाय का?

उत्तर :

ताई, पोट आपोआप पडलं तर ते पोलिसांना कळवण्याचं बंधन बाईवर घालणारा कायदा आपल्याकडे नाही. २४ तासांत नाही आणि २४ दिवसांतही नाही. ठाण्यातही तुम्हाला जावं लागणार नाही, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. या दोन गोष्टी घरात सासूबाईंना आणि यजमानांना आज रात्रीच वाचून दाखवा.

त्या मेसेजमधला मजकूर मला ओळखीचा वाटला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २००९ साली जवळपास असंच एक विधेयक मांडलं गेलं होतं. डॉक्टर हजर नसताना गर्भ पडला तर बाईने २४ तासांत कळवायचं, नाहीतर १२ महिन्यांपर्यंत कैद. मोठी ओरड झाली, विधेयक मागे घेतलं गेलं. म्हणजे तिथेही तो कायदा झालाच नाही. अशा कायद्याची मला वकील म्हणून चीड येते, कारण त्याचा पहिला परिणाम दवाखान्याच्या दारात दिसतो. रक्त जात असलेली बाई आत जायला घाबरते. एल साल्वादोर देशात एका बाईला उपचार करणाऱ्यांनीच पोलिसांच्या हवाली केलं, ती कैदेतच वारली, आणि त्यासाठी इंटर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये त्या सरकारला जबाबदार धरलं. तुम्ही त्या सकाळी न घाबरता दवाखाना गाठलात, हे तुमच्या जिवासाठी बरं झालंच, कायद्याच्या दृष्टीनेही तीच तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे.

आता आपला कायदा. जन्म आणि मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे. त्यात मृतजन्माची नोंद करावी लागते, पण मृतजन्म म्हणजे गर्भ किमान २८ आठवड्यांचा हवा. तुमचे १९ भरले होते, म्हणून नोंदणीचा प्रश्नच आला नाही. आणि २८ नंतर घरी असं झालं असतं तरी माहिती द्यायची ती कुटुंबप्रमुखाने, २१ दिवसांत, गावच्या निबंधकाकडे म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडे. दवाखान्यात झालं असतं तर दवाखान्याने. पोलीस यात कुठेच येत नाहीत. काही गंभीर गुन्ह्यांची खबर प्रत्येक नागरिकाने दिलीच पाहिजे अशी यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. गर्भपाताशी संबंधित एकही कलम त्या यादीत नाही. (गरोदर मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर मात्र पोक्सोखाली कळवावंच लागतं. हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवते, तुम्हाला ते लागू नाही.)

मग भावकीतले गृहस्थ कशाच्या जोरावर बोलताहेत? खरा घोळ एका शब्दात आहे. आपण पोट पडलं म्हणतो, पण कागदावर येताना त्याचा ‘गर्भपात’ होतो, आणि पाडलेल्यालाही गर्भपातच म्हणतात. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक जोडपं आलं होतं. त्या बाईच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी ‘स्पॉन्टेनियस अबॉर्शन’ लिहिलं होतं. स्पॉन्टेनियस म्हणजे आपोआप झालेला. पण चौकशीला आलेल्या हवालदाराने बोट ठेवलं ते फक्त दुसऱ्या शब्दावर, आणि जबाबात उतरवलं, ‘सदर महिलेने गर्भपात केला.’ ‘झाला’चं ‘केला’ झालं, आणि त्या एका क्रियापदापायी ते दोघं आठ महिने हेलपाटे घालत होते. तुमचं कार्ड आत्ता काढून बघा. ‘स्पॉन्टेनियस’ असेल किंवा ‘इनकम्प्लीट’ असेल, म्हणजे घरी पोट पडून काही भाग आत राहिला होता. तो शब्द पेनाने खूण करून ठेवू नका, कार्डाला हातही लावू नका, फक्त तो कुठे आहे हे लक्षात ठेवा.

पाडल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. तिथे ‘स्वेच्छेने घडवून आणणं’ सिद्ध करावं लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. आकडे वाचून दचकू नका. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासच करता येत नाही. शेजाऱ्याने तोंडी काहीतरी सांगितलं म्हणून तपास सुरू होत नसतो.

पोलिसांकडून बहुधा कलम ९४ पुढे केलं जाईल, कारण ते दखलपात्र आहे. बालकाचा मृतदेह गुपचूप पुरून जन्म लपवणं, असा तो गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, हाही जामीनपात्र. पहाटे बांधावर पुरलं, हे वाक्य या कलमाजवळ नेऊन ठेवता येतं, म्हणून इथे जरा थांबते. कलमात ‘बालक’ म्हटलंय. १९ आठवड्यांचा गर्भ बाहेर जगूच शकत नाही, त्याला या कलमाखाली बालक म्हणता येणार नाही, हा तुमच्या वकिलांचा पहिला मुद्दा असेल. दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो. लपवण्याचा हेतू कुठे आहे? त्याच सकाळी तुम्ही आशाताईंना सांगितलंत, सरकारी डॉक्टरांना सांगितलंत, दोन दिवस सरकारी खाटेवर होतात. लपवणारं माणूस असं करत नाही. सासूबाईंनी स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलं, यात मला तरी फक्त माया दिसते, आणि गरज पडली तर त्यांनी हे कोर्टात याच शब्दांत सांगावं. ती जागा आता कुणाच्याही सांगण्यावरून उकरू नका.

पहिली मुलगी, दुसऱ्या वेळी पाचवा महिना, म्हणजे लिंगनिदान, हा संशय आपल्याकडे पटकन येतो आणि तो हवेतून आलेला नाही. २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेली १९ अर्भकं सापडली होती. तेव्हापासून तर अशी बातमी कानावर आली की यंत्रणा कान टवकारते. ते मी चूक म्हणणार नाही. पण त्यासाठी असलेला कायदा, पीसीपीएनडीटी, सोनोग्राफी करणाऱ्यावर आणि करायला लावणाऱ्यांवर रोखलेला आहे. बाईवर सासरकडून जबरदस्ती झाली असंच तो गृहीत धरून चालतो. तुमची प्रत्येक सोनोग्राफी फॉर्म ‘एफ’मध्ये तारखेसह नोंदलेली असते. मधे कुठे दुसरीकडे तपासणी केली नसेल तर हीच नोंद तुमच्या बाजूने बोलेल. केली असेल, किंवा कुणी सांगितलं म्हणून एखादी गोळी घेतली असेल, तर ते वकिलापासून लपवू नका. पत्रात तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही आणि मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवूनच हे उत्तर देते आहे.

आता कालच्या फोनचं. फोनवरून बोलावणं म्हणजे समन्स नव्हे. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, आणि बाईला तिच्या राहत्या घराबाहेर कुठेही चौकशीला हजर राहायला सांगता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये स्पष्ट लिहिलंय. यजमानांनी फोन करून नम्रपणे सांगावं, ‘साहेब, तिची तब्येत बरी नाही. लेखी नोटीस द्या आणि घरी या, सोबत महिला पोलीस असू द्या. आम्ही सगळं सांगू.’ हुज्जत नको, पण मोटारसायकलवर मागे बसवून तुम्हाला ठाण्यात न्यायचं नाही. घरी आले की जे घडलं तेच सांगा, आणि ‘पोट आपोआप पडलं’ हेच शब्द वापरा. लिहून घेतलेला जबाब वाचून दाखवायला सांगा. त्यावर सही करायची नसते, पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेऊ नये असं कायदाच सांगतो. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको.

त्याआधी एक काम उरकून टाका. माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आरोग्य केंद्राचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत. केसपेपर दवाखान्यातच राहिला असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. आशाताईंना केलेल्या त्या सकाळच्या फोनची नोंद मोबाइलमध्ये असेल, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. साधी गोष्ट आहे, पण वेळेसकट पुरावा आहे. कुणी ओळखीचे डॉक्टर मागची तारीख टाकून दाखला द्यायला तयार झाले तर हात जोडून नको म्हणा. खऱ्या प्रकरणात एक खोटा कागद घुसला की खरे कागदही बाद ठरतात.

भावकीतल्या त्या गृहस्थांनी बांध सोडण्याची किंवा पैशाची भाषा केली तर एक रुपया देऊ नका. खोट्या केसची भीती घालून काही उकळणं ही खंडणी आहे, न्याय संहितेचं कलम ३०८. ते काय म्हणाले, कुठल्या दिवशी, समोर कोण होतं, हे वहीत लिहायला आजपासून सुरुवात करा.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. तुम्ही नोकरीला जात असाल (पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते) तर पोट पडल्यानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा हा तुमचा हक्क आहे. प्रसूती लाभाच्या १९६१ च्या कायद्यात तो होता, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही ‘माझ्याकडून गुन्हा झालाय का’ असं विचारलंय. कलमांपुरतं उत्तर वर दिलं. पण तुमच्या अक्षरावरून वाटलं की तुम्ही पोलिसांबद्दलच विचारत नव्हता. त्या प्रश्नासाठी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडे एकदा नुसतं बोलायला जा, यजमानांना सोबत घेऊन. आणि ठाण्यातून लेखी नोटीस आली तर तिचा फोटो काढून त्याच दिवशी विधी सेवा समितीत दाखवा.