"ह्या वयात व्हॉल्व्हचं ऑपरेशन झेपेल का?"

भुसावळ, यावल, रावेर कुठूनही घरचे येवोत, प्रश्न तोच असतो, मॅडम, वडील ऐंशीच्या पुढे गेले, आता व्हॉल्व्हला हात लावायचा की राहू द्यायचं? म्हणून हा एक अनुभव लिहितेय, ओळख पटेल ते बदललंय.

आप्पा ८१ वर्षांचे, केळीचे शेतकरी. अओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप, खूप आकसलेला, जिन्यावर धाप, अंगणात चक्कर येऊन पडलेले. डॉक्टरांनी टावी सुचवली, म्हणजे छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून नवा व्हॉल्व्ह. मोठा म्हणे करायचंच, धाकटा म्हणे ह्या वयात हाल कशाला. दोघंच भांडायचे, आप्पा टोपीची घडी घालत-मोडत बसायचे.

मी दोघांना थांबवलं. "आप्पा, तुम्हाला काय जमायला हवंय?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "मले बांधापर्यंत जाता आलं पाह्यजे. खाटेवरच पडून ऱ्हायाचं असीन तर नको."

धाकटा म्हणाला, "मला वाटलं तुम्ही ऑपरेशनला घाबरता."

"मी तुमच्या भांडणाले घाबरतो."

मला वाटतं तिथेच गाठ सुटली. माझं वर्षानुवर्षांचं मत आहे, माणसाला नीट ऐकलं की त्याची वाट तोच दाखवतो. वय हा प्रश्नच नव्हता, शरीरात ताकद किती शिल्लक आहे आणि ती कशासाठी वापरायची, हा होता. हे बघायला जेरियाट्रिक, म्हणजे वृद्धांचे डॉक्टर लागतात. ते ५ मीटर चालवून बघतात (६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद), हात न टेकता खुर्चीतून उठवतात, स्मरणशक्ती, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), सगळ्या गोळ्या तपासतात. आप्पांची झोपेची जुनी गोळी चालूच होती आणि जेवण जवळजवळ चहा-बिस्किटावर आलेलं, दोन्ही सुधारण्यासारखं. कार्डिओलॉजिस्टला विचारून ते सुधारलं आणि टावी झाली. आता बांधापर्यंत जातात, मला ह्या केसचं खरंच समाधान आहे.

सगळ्यांचं असंच होईल असं नाही. काहींना व्हॉल्व्ह बदलूनही अंथरुणच राहणार असतं, तिथे त्रास कमी ठेवणं हाच उपचार. पण धाप, चक्कर सुरू झाल्यावर नुसतं टाळत बसू नका, इतका आकसलेला व्हॉल्व्ह न बदलल्यास साधारण २ वर्षांत निम्मे पेशंट जातात.

दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घेऊन जा, आयुर्वेदिकसुद्धा. ऍडमिट झाल्यावर चष्मा, कानाचं मशीन जवळ ठेवा आणि रात्री घरचं कोणीतरी थांबा, म्हातारी माणसं तिथे गोंधळतात. आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला की आधी वडिलांना बोलू द्या.