एलिझाबेथचं खोटं

प्रश्न : आमचं हौशी मंडळ आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’ (१९५३) हे चेटूक केल्याच्या आरोपांच्या खटल्यांवरचं नाटक मराठीत बसवतंय, प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात. कधीच खोटं न बोलणारी एलिझाबेथ कोर्टात नवऱ्याचं, म्हणजे जॉनचं, लफडं नाकारते. ती कमी पडली, असं दाखवायचं का?
– एक दिग्दर्शक, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. जॉननं कोर्टात आधीच ते लफडं कबूल केलंय, ‘माझी बायको खोटं बोलत नाही’ असंही सांगितलंय. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. जॉन पाठमोरा उभा आहे आणि न्यायाधीश डॅनफर्थ तिला त्याच्याकडे बघूही देत नाही. तिच्या ‘नाही’आधी भरपूर थांबा. सोलापूरचा प्रेक्षक घाई करत नाही, हा माझा अनुभव आहे. खरी परीक्षा डॅनफर्थची आहे. खोट्यामागचं कारण समोर दिसत असताना तो फक्त उत्तर धरून बसतो, याचा मला दरवेळी संताप येतो.

शेवटी जॉन जीव वाचवायला दिलेला, चेटूक केल्याचा खोटा कबुलीजबाब फाडतो, तिथे टाळ्या पडतीलच. पण त्याआधी तो इतरांची नावं सांगायला नकार देतो, ते वाक्य पुसट होऊ देऊ नका. एलिझाबेथचं काम करणाऱ्या मुलीला रडू नको म्हणावं. आवाज कोरडाच हवा.