अल्ब्युमिन कमी असताना अँटिबायोटिकची लेव्हल कमी आली, तर डोस वाढवायलाच हवा का?

तुम्ही लिहिलंय की वडील आयसीयूत आहेत, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 1.9 आहे, टायकोप्लॅनिन या अँटिबायोटिकची रक्तातली लेव्हल कमी आली, तरी डॉक्टर डोस लगेच वाढवत नाहीत. औषधांच्या लेव्हलचे रिपोर्ट बघणं हे माझं रोजचं काम. त्यावरून सांगतो, यात हलगर्जीपणाच असेल असं नाही.

टायकोप्लॅनिनचा सुमारे 90 टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून असतो. जंतूंवर काम करतं ते उरलेलं मोकळं औषध. लॅब मात्र बहुतेक वेळा दोन्हींची बेरीज मोजते. समजा एकूण लेव्हल 20 आहे आणि 90 टक्के चिकटलेलं आहे, तर मोकळं 2. अल्ब्युमिन घटल्यामुळे 80 टक्केच चिकटलं आणि एकूण 10 भरलं, तरी मोकळं 2च. रिपोर्टवर निम्मं दिसतं, कामाचं औषध तेवढंच असतं. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, वडिलांच्या रिपोर्टला लावू नका.)

म्हणून कमी आकडा नेहमीच चालतो असंही नाही. किडनी फक्त मोकळं औषध गाळते. मेरोपेनेम हे दुसरं अँटिबायोटिक जेमतेम 2 टक्के चिकटतं आणि तासाभरात निम्मं होतं, म्हणून दिवसातून तीनदा द्यावं लागतं. त्याच्याच गटातलं एर्टापेनेम 90 टक्क्यांच्या आसपास चिकटतं, त्यामुळे टिकतं आणि एकदा पुरतं. अल्ब्युमिन फार खाली गेलं की हा टेकू निसटतो आणि पुढच्या डोसआधीचे तास कोरडे जाऊ शकतात. मला टायकोप्लॅनिनपेक्षा एर्टापेनेमची काळजी जास्त वाटते. उलट किडनीच मंदावली असेल, तर मोकळं औषध साठत जातं आणि एकूण आकडा ते झाकून ठेवतो.

जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक फारशी चिकटतच नाहीत, त्यामुळे त्यांचा रिपोर्ट आहे तसा वाचता येतो. व्हँकोमायसिन साधारण अर्धं चिकटतं, तिथे फरक कमी पडतो. अंगावर सूज असेल तर मात्र ही सगळीच औषधं जास्त पाण्यात पसरून पातळ होतात, तो मुद्दा वेगळा.

डॉक्टरांना विचारायचंच तर हे विचारा: रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी घेतलं होतं का? सुरुवातीचे मोठे डोस पूर्ण झालेत का? टायकोप्लॅनिन शरीरात फार सावकाश स्थिरावतं, त्यामुळे घाईने काढलेली लेव्हल कमीच येते. किडनी कशी आहे? मोकळ्या औषधाची तपासणी होऊ शकते का? ही सोय थोड्याच लॅबमध्ये असते. फिटच्या फेनिटॉइनसाठी अल्ब्युमिन धरून आकडा दुरुस्त करायचं सूत्र आहे, पण अँटिबायोटिकसाठी तसं सर्वमान्य सूत्र नाही. म्हणून रुग्णाचा ताप, तपासण्या, किडनी असं सगळं बघूनच ठरवावं लागतं.

अल्ब्युमिनच्या बाटलीबद्दलही तुम्ही विचारलंय. केवळ औषधाची लेव्हल सुधारावी म्हणून ती चढवत नाहीत. गंभीर आजारात अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून झिरपतं आणि लिव्हर ते कमी बनवतं, त्यामुळे चढवलेलंही फार काळ टिकत नाही.