कोचीला बदली झाली आहे. शहराचा इतिहास, भूगोल आणि हवामान याबद्दल कोणी सांगेल का?

कामानिमित्त मी दोन वर्षं कोचीत काढली. तिथला इतिहास निम्मा पाण्यानं घडवलाय आणि निम्मा गाळानं.

मिरीचा व्यापार पूर्वी उत्तरेच्या मुझिरिस बंदरातून चाले, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरच्या आसपास. 1341 मध्ये पेरियार नदीला महापूर आला, ते बंदर गाळानं बुजलं आणि कोचीपाशी समुद्राकडे वाट मोकळी झाली, असं मानतात. मग 1500 मध्ये पोर्तुगीज आले, 1663 मध्ये डच, 1795 मध्ये इंग्रज. वास्को द गामा 1524 मध्ये इथंच वारला. त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेले, पण फोर्ट कोचीच्या चर्चमध्ये रिकाम्या थडग्याची जागा अजून दाखवतात.

मराठी माणसानं कोचीच्या मट्टनचेरी भागात मात्र जरा रेंगाळावं. गोव्याहून आलेली कोकणी कुटुंबं तिथं शतकानुशतकं आहेत. डच गव्हर्नर व्हान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ काढला. त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची साक्ष चक्क नागरी लिपीत छापलेली आहे, 1678 च्या पहिल्या खंडात!

भूगोल म्हणाल तर एर्नाकुलम मुख्य भूमीवर, फोर्ट कोची आणि मट्टनचेरी पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, आणि मधे वेंबनाड कायल. कायल म्हणजे आपली खाडीच समजा. मधलं विलिंग्डन बेट माणसानं केलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरनं बंदरासाठी उपसलेल्या गाळाच्या भरावातून ते उभं राहिलं. 2023 पासून वॉटर मेट्रो आहे, तरी जुन्या सरकारी बोटीची मजा निराळीच.

थंडी विसरा. पारा साधारण 23 ते 33 अंशांत फिरतो, त्रास होतो तो दमटपणाचा. वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही दोनदा: जूनमध्ये आपल्या आधी पोचणारा मोसमी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर कडकडाट करत येणारा ‘तुलावर्षम’. दसरा झाला म्हणून छत्री माळ्यावर टाकू नका, मी टाकली होती. ऑगस्ट 2018 च्या पुरात तर नेडुंबासेरीचा, म्हणजे कोचीचाच, विमानतळ दोन आठवडे बंद होता.

घर बघताना भाडं नंतर विचारा. मोठ्या भरतीला गल्लीत पाणी कुठवर येतं, ते आधी शेजाऱ्यांना विचारा.